अंमल, तारीख आणि नाव : सीमाभागातील मृत्यूनोंदींच्या शोधाची प्रस्तावना

माणूस जन्मास येतो तेव्हा त्याची वार्ता बहुधा घरापुरती आणि आप्तांपुरती असते. परंतु तो मरण पावतो तेव्हा त्याची जमीन, त्याचे वतन, त्याचे देणे-घेणे, त्याचे पेन्शन, त्याच्या विधवेचा हक्क आणि त्याच्या मुलांचा वारसा हे सारे प्रश्न एकदम उभे राहतात, आणि म्हणून कोणत्याही राजवटीला प्रजेच्या जन्मापेक्षा तिच्या मृत्यूची खबर अधिक निकडीने हवी असते. या निकडीपोटीच मृत्यूच्या नोंदी निर्माण झाल्या, आणि ज्या राजवटीला ज्या कारणासाठी ती खबर हवी होती त्या कारणाचा ठसा त्या नोंदींवर कायमचा उमटला. जेथे एकच राजवट शतकभर स्थिर राहिली, तेथे या गोष्टीने शोधकाचे फारसे अडत नाही. परंतु जो मुलूख दोन भाषांच्या, दोन राज्यांच्या आणि एके काळी पाच-सहा राजसत्तांच्या हद्दीवर वसला आहे, तेथे पणजोबांच्या मृत्यूची नोंद शोधणाऱ्याला पहिला प्रश्न ‘ते कधी वारले’ हा विचारून भागत नाही. ‘ते वारले त्या दिवशी ते गाव कोणाच्या अंमलाखाली होते’ हा प्रश्न त्याला आधी सोडवावा लागतो. नोंद माणसाच्या मागून जात नाही, ती अंमलाच्या मागून जाते. प्रस्तुत ग्रंथाचे सारे प्रतिपादन या एका सिद्धांतावर उभे आहे, आणि तो सिद्धांत बेळगाव जिल्ह्याइतका स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच पडताळून पाहता येईल.

या जिल्ह्याचा राजकीय इतिहास थोडक्यात सांगणे येथे आवश्यक आहे. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर हा प्रदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, प्रथम धारवाडच्या कलेक्टरीत मोडला आणि १८३६ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे १९५६ पर्यंत तो मुंबई इलाख्यात व नंतर मुंबई राज्यात होता; १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा चंदगड तालुका वगळून उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. परंतु नकाशावरील ही एक रेघ म्हणजे सगळी कथा नव्हे. खुद्द या जिल्ह्याच्या पोटात आणि कडेला सांगली, जमखंडी, कुरुंदवाड, मिरज, रामदुर्ग आणि कोल्हापूर या संस्थानांची गावे विखुरलेली होती. रायबाग कोल्हापूरकरांचे होते. बेळगाव शहराला लागून असलेले शहापूर सांगलीकर पटवर्धनांचे होते, म्हणजे बेळगावच्या पेठेतला मनुष्य वारला तर त्याची खबर इंग्रजी अंमलात जाई आणि तेथून हाकेच्या अंतरावर शहापुरात वारलेल्या त्याच्याच व्याह्याची खबर संस्थानी दफ्तरात जाई. १९४८ च्या मार्चमध्ये दक्षिणेतील ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली, १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूरही झाले. पण जुनी दफ्तरे काही एकजीव झाली नाहीत. पश्चिमेस घाट उतरला की १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते. ईशान्येस बीदर, भालकी, औराद, आळंद हा मराठीभाषी वस्तीचा दुसरा सीमापट्टा निजामाच्या मुलखात होता, आणि १९५६ साली बीदर जिल्ह्यातून उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके तेवढे मुंबई राज्यात आले. ज्या घराच्या सोयरिकी चिकोडीपासून गडहिंग्लजपर्यंत आणि खानापुरापासून सावंतवाडी-डिचोलीपर्यंत पसरल्या आहेत, त्या घराच्या मृतांचा माग काढणे म्हणजे या साऱ्या अंमलांच्या दफ्तरांचा माग काढणे होय.

इंग्रजांच्या पूर्वी मृत्यूची नोंद होत नसे हा समज चुकीचा आहे. ती स्वतंत्र वहीत होत नसे, एवढेच खरे. पेशवाईच्या दफ्तरात इनामदार, वतनदार वा शिलेदार मयत झाल्याचा उल्लेख वतनाच्या दुमालपत्रात, दत्तकाच्या नजराण्यात, सरंजामाच्या फेरफारात आणि लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना दिलेल्या बालपरवेशीच्या नेमणुकीत येतो. म्हणजे ज्याच्या मरणाने सरकारी तिजोरीत वा वहिवाटीत काही बदल झाला, त्याचे मरण कागदावर आले. ज्याच्या मरणाने असा काही बदल झाला नाही त्या कुळाचे, बलुतेदाराचे, त्याच्या बायकोचे मरण आले नाही. या उणिवेची भरपाई लोकांनी आपल्या परीने केली होती. रणांगणी पडलेल्याचा वीरगळ आणि सहगमन केलेल्या स्त्रीचा सतीशिळेवरील हात गावाच्या वेशीवर उभे राहिले. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर, गोकर्ण, काशी आणि गया येथील तीर्थोपाध्यायांनी आपल्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहून ठेवल्या. अस्थी घेऊन वा श्राद्धासाठी आलेला मुलगा आपल्या हाताने बापाचे व आजाचे नाव लिही आणि खाली सही करी, त्यामुळे त्या वहीतील नोंद ही पुष्कळदा मृत्यूनंतरच्या वर्षभरातली, घरच्याच माणसाने दिलेली साक्ष ठरते. आणि या मुलखाचे वैशिष्ट्य म्हणजे हेळवी. सुगीनंतर बैलावर बसून, घंटा वाजवीत गावोगाव फिरणारे हेळवी मराठा, लिंगायत व इतर घरांच्या वंशावळी पिढीजात राखीत आले आहेत. कोणत्या गावाहून मूळपुरुष आला, कोणाला किती मुलगे झाले, कोण निपुत्रिक वारला, हे ते म्हणून दाखवितात आणि पुढच्या फेरीत नव्याने घडलेले जोडतात. त्यांच्या नोंदीत तारीख नसते, बहुधा स्त्रियाही नसतात. परंतु राज्ये बदलली, भाषा बदलल्या, तरी हेळव्यांचा फेरा कोणत्याही सरहद्दीपाशी थांबला नाही, आणि या एका कारणासाठी सीमाभागात त्यांचे मोल फार आहे.

सार्वत्रिक मृत्यूनोंदणीचा जन्म मात्र आरोग्यखात्यात झाला. इंग्रजी फौजेत लढाईपेक्षा रोगाने अधिक शिपाई मरतात हे १८५७ नंतरच्या चौकशीत उघड झाले, १८६४ पासून इलाख्यांत सॅनिटरी कमिशन नेमली गेली, आणि छावणीचे आरोग्य गावाच्या आरोग्यावर अवलंबून आहे हे कळल्यावर गावोगावच्या मृत्यूंची मोजदाद सुरू झाली. १८८६ चा नोंदणीचा कायदा बहुतांशी ऐच्छिक होता. गावपातळीवरची खरी नोंद पाटील-कुळकर्ण्यांच्या हुद्द्याचे काम म्हणून होत राहिली. वऱ्हाड-नागपुराकडे ती कोतवालाकडून येई, म्हणून तिकडे तिला कोतवाल बुक म्हणतात, तर महसुली भाषेत तिची ओळख गाव नमुना १४ अशी आहे. त्याच काळात १८६७ च्या गावपोलीस कायद्याने अपघाती वा संशयास्पद मृत्यूची चौकशी पोलीसपाटलाकडे सोपविली, त्यामुळे विहिरीत बुडालेला, साप चावलेला, झाडावरून पडलेला मनुष्य दोन ठिकाणी सापडतो: नोंदवहीत एका ओळीने, आणि पंचनाम्यात सविस्तर.

अशा जुन्या वहीचे एखादे पान वाचकाने नीट न्याहाळावे. मोडीतील रकाने असतात: अनुक्रम, तारीख, मयताचे नाव, बापाचे अथवा नवऱ्याचे नाव, जात, वय, रोग, आणि खबर देणाराचे नाव. रोगाच्या रकान्यात पटकी, देवी, गाठीचा ताप, साधा ताप, हगवण, खोकला-दमा, इजा आणि ‘इतर’ यांपलीकडे फारसे काही नसते, कारण वरून आलेल्या नमुन्यात तेवढेच वर्ग होते आणि लिहिणारा वैद्य नव्हता. वय बहुधा पाचाच्या वा दहाच्या पटीत असते: चाळीस, पन्नास, साठ. तान्ह्या मुलांना नाव नसते, ‘अमक्याची मुलगी, वय आठ दिवस’ एवढेच असते. स्त्रीचे स्वतःचे नाव असले तर एकच शब्द असतो. तिची ओळख नवऱ्याच्या नावाने होते आणि माहेरचे नाव तर कोठेच नसते. खबर देणाराच्या रकान्याकडे पुष्कळ शोधक दुर्लक्ष करतात, वास्तविक तो रकाना सर्वांत बोलका आहे. मयताचा भाऊ, जावई वा शेजारी कोण होता, घरात त्या वेळी कर्ता पुरुष होता की नव्हता, हे त्यावरूनच कळते. आणि मग एखाद्या हंगामात पाने एकाएकी भरू लागतात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाची, १८९६ साली मुंबईत सुरू होऊन लवकरच बेळगाव-धारवाडकडे पसरलेल्या प्लेगची, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाची पाने लिहिणाराच्या हस्ताक्षरावरूनही ओळखू येतात. ओळी दाट होतात, अक्षर धावते होते, रकाने रिकामे राहू लागतात. इन्फ्लुएंझाने देशभर एक कोटीहून अधिक माणसे नेली. पण वहीत त्या रोगासाठी रकानाच नव्हता, म्हणून ती सारी ‘ताप’ या सदरात गेली. प्लेगच्या दिवसांत गावे रानात झोपड्या घालून राहिली, कित्येकांनी सक्तीच्या विलगीकरणाच्या भीतीने मरणे लपविली, आणि माणूस एका शिवारात वारला तर त्याची खबर भलत्याच गावाच्या वहीत लागली. हे ज्याला ठाऊक आहे तो एका गावी नोंद मिळाली नाही म्हणून निराश होत नाही. तो लगतच्या गावांच्या वह्या मागतो.

दफ्तरांची ही विविधता एवढ्यावर संपत नाही. कॅथलिक धर्ममंडळांत मृतांच्या नोंदवह्या ठेवण्याचा दंडक १६१४ च्या रोमन विधिग्रंथापासून चालत आला आहे. खानापूर-बेळगावकडील कॅथलिक वस्ती दीर्घकाळ गोव्याच्या धर्मप्रांताशी जोडलेली होती आणि बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५३ साली झाला, म्हणून तेथील कुटुंबाला आपला पूर्वज शोधताना राज्याची हद्द विसरून धर्मप्रांताची हद्द पाहावी लागते. बेळगावच्या छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या, त्यांच्या स्त्रियांच्या व मुलांच्या दफनाच्या नोंदी चर्चमार्फत विलायतेस पाठविल्या जात, आणि त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या मुंबई इलाख्याच्या मालिकेत सुरक्षित आहेत. त्याच छावणीच्या परिसरात १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र आहे. परंतु पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडलेल्या शिपायाचा माग त्याच्या गावच्या वहीत लागत नाही, कारण तो गावात वारला नव्हता. त्याचा माग पलटणीच्या कागदांत, पेन्शनच्या दफ्तरात आणि युद्धमृतांच्या स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या, १९१७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रकुल मंडळाच्या याद्यांत लागतो. निजामी मुलखातील कागद उर्दूत आहेत आणि त्यांवर फसली सन आहे. त्यात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, मात्र वर्ष ऑक्टोबरात बदलत असल्याने जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१ धरावे लागतात. कोल्हापूर दरबारचे दफ्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, पेशव्यांचे पुण्यास, इलाख्याचे मुंबईस, निजामाचे हैदराबादेस, गोव्याचे पणजीस, आणि १९५६ नंतरचे बेळगाव, धारवाड व बंगळूर येथे: एका घराच्या चार पिढ्यांचे मृत्यू असे पाच-सहा शहरांत विखुरले जाऊ शकतात, आणि तसे ते पुष्कळांचे विखुरलेले आहेत.

स्वातंत्र्यानंतर १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा झाला आणि १९७० पासून बहुतेक राज्यांत तो अमलात आला. त्याने नोंदणी सक्तीची केली, नियमांद्वारे मुदत घातली (आज ती एकवीस दिवसांची आहे), आणि उशिराच्या नोंदीसाठी चढत्या क्रमाने अधिकारी ठरवून दिले. सीमाभागाच्या दृष्टीने या कायद्यातले सर्वांत महत्त्वाचे तत्त्व असे की, मृत्यूची नोंद जेथे मृत्यू घडला तेथे होते, मयत जेथे राहत होता तेथे नव्हे. निपाणीचा गृहस्थ कोल्हापूरच्या इस्पितळात वारला तर त्याची नोंद कोल्हापूर महानगरपालिकेत, मराठीत आणि महाराष्ट्राच्या दफ्तरी होते. चंदगडची आजी उपचारासाठी बेळगावास नेली असता वारली तर तिची नोंद कर्नाटकात आणि कन्नडमध्ये होते. ग्रामीण भागात महाराष्ट्रात ग्रामसेवक आणि कर्नाटकात महसुली ग्रामहिशेबनीस हे काम पाहत आले. हिशेबनिसाला त्या भागातील मराठी माणूस अद्यापि तलाठीच म्हणतो. नावांचे लिप्यंतर होताना आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे होते. पाटील कायम राहतो, पण एखादे कमी परिचित आडनाव, गावाच्या नावास ‘कर’ लागून झालेले, कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा मराठीत येईपर्यंत ओळखू येत नाही. वारसदाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या कुटुंबाला या एका अक्षराची किंमत मोजावी लागते.

जेथे प्रत्यक्ष नोंद नाही तेथे अप्रत्यक्ष नोंद असते, आणि अनुभवी शोधक पुष्कळदा तीच आधी पाहतो. जमीनधारक वारला की वारसांची नावे लागतात; १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली तेव्हापासून फेरफार नोंदवहीत आणि वारसांच्या सहा-क नमुन्यात ‘खातेदार अमुक सालच्या अमुक तारखेस मयत, वारस येणेप्रमाणे’ अशी ओळ येते, आणि तिच्याखाली मुलगे, विवाहित मुली, विधवा यांची नावे व वये क्रमाने येतात. मृत्यूच्या वहीत जी स्त्री बेनाव आहे ती येथे वारस म्हणून नावानिशी उभी राहते. अर्थात ज्याच्या नावे जमीन नव्हती त्याला हे दार बंदच आहे. अशांसाठी शाळेचे दाखले, देवस्थानांची व मठांची दफ्तरे, कब्रस्तानांची व्यवस्था पाहणाऱ्या जमातींचे कागद, गिरण्यांचे व रेल्वेचे फंडाचे कागद यांकडे वळावे लागते. आणि घरात तिथी असतेच. कुटुंबाला साल आठवत नाही, पण श्राद्धाची तिथी पिढ्यान्पिढ्या आठवते. कचेरीत तारीख असते, तिथी नसते. स्वामिकण्णू पिळ्ळे यांच्या पंचांगगणितासारख्या कोष्टकांवरून शक्य असलेल्या वर्षांतली ती तिथी कोणत्या तारखेस आली हे काढले, आणि त्या तारखांभोवतीची पाने चाळली, तर शोधाचे क्षेत्र शेकडो पानांवरून मोजक्या पानांवर येते. घरची स्मृती आणि सरकारी दफ्तर यांची अशी सांगड घालता येणे हाच या विद्येचा खरा अभ्यास होय.

आता मृत्युलेखांकडे वळू. मराठी वृत्तपत्रांत मृत्युलेखाचा प्रकार एकोणिसाव्या शतकातच रुजला आणि ‘केसरी’ने त्याला प्रौढी आणली, आगरकरांच्या (१८९५) आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या (१९०१) निधनानंतर टिळकांनी लिहिलेल्या लेखांनी मृत्युलेख म्हणजे एका आयुष्याचे मूल्यमापन ही कल्पना प्रस्थापित केली, आणि पुढे आचार्य अत्र्यांनी त्या प्रकाराला भावनेचा पूर दिला. परंतु सामान्य माणसाचा शोध घेणाऱ्याला त्या अग्रलेखांपेक्षा आतल्या पानावरील चार ओळींची निधनवार्ता अधिक उपयोगी पडते. बेळगावात बाबुराव ठाकुरांनी १९१९ साली सुरू केलेला ‘तरुण भारत’, कोल्हापूरकडील ‘पुढारी’, कन्नड वाचकांचे हुबळीचे ‘संयुक्त कर्नाटक’, दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे ‘प्रगती आणि जिनविजय’, ख्रिस्ती समाजाचे १८४२ पासूनचे ‘ज्ञानोदय’: यांतून या मुलखातील निरनिराळ्या समाजांच्या मृत्यूंची वार्ता विखुरलेली आहे. तिचा साचा ठरलेला असतो. मूळ गाव, सध्याचा राहण्याचा पत्ता, वय, ‘अल्पशा आजाराने’ वा ‘हृदयविकाराच्या धक्क्याने’ निधन, पश्चात पत्नी, मुलगे, मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार, आणि शेवटी रक्षाविसर्जन कोणत्या दिवशी किती वाजता. या चार ओळींत सरकारी वहीत नसलेले पुष्कळ असते: मयत मूळचा हलशीचा असून शहापुरात स्थायिक झाला, मुलगी गोव्यात दिली आहे, धाकटा मुलगा पुण्यास नोकरीला आहे. म्हणजे एका घराचे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना झालेले स्थलांतर त्या निधनवार्तेत आयते मिळते. तिचे दोषही ध्यानी ठेवले पाहिजेत. वय फुगवून सांगितलेले असते, आजार झाकलेला असतो, ज्याच्याशी भाऊबंदकी आहे त्याचे नाव वगळलेले असते, आणि बातमी देण्याची ऐपत वा सवय नसलेल्या वस्त्यांतील माणसे त्या पानावर क्वचितच येतात. कै., वै., पैगंबरवासी, शिवैक्य, ख्रिस्तवासी ही विशेषणे समाजागणिक बदलतात, आणि जुनी वृत्तपत्रे चाळताना या साऱ्यांकडे डोळा ठेवावा लागतो.

या क्षेत्रात आजवर जे काम झाले त्याचे प्रवाह स्थूलमानाने चार दिसतात. पहिला लोकसंख्याशास्त्राचा. १६६२ साली जॉन ग्रॉन्ट याने लंडनच्या मृत्यूपत्रकांवरून पहिले अनुमान काढले तेथून त्याची सुरुवात होते. १९५६ साली फ्रान्समध्ये लुई आंरी यांनी चर्चच्या वह्यांवरून कुटुंबे पुन्हा जुळविण्याची पद्धत शास्त्रशुद्ध मांडली, १९६४ साली केंब्रिजमध्ये तिच्यासाठी अभ्यासगट उभा राहिला, आणि आपल्याकडील नोंदणीच्या अपुरेपणाची दखल घेत किंग्ज्ली डेव्हिस यांनी १९५१ साली हिंदुस्थान-पाकिस्तानच्या लोकसंख्येचा ग्रंथ लिहिला. या प्रवाहाला माणसांची संख्या हवी असते, नाव नको असते. दुसरा प्रवाह आपल्या इतिहाससंशोधनाचा, राजवाड्यांचा आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा. त्याने तिथ्या, शकावल्या आणि अस्सल कागद यांची शिस्त लावली, परंतु त्याची दृष्टी स्वाभाविकपणेच घराण्यांवर आणि मुत्सद्द्यांवर राहिली. तिसरा कायद्याचा व महसुलाचा, ज्याला नोंद ही केवळ पुरावा म्हणून हवी असते. सात वर्षे बेपत्ता असलेल्यास मृत मानण्याचा पुराव्याच्या कायद्यातील नियम याच दृष्टीचा. चौथा कुलवृत्तान्तांचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मराठीत अनेक कुळांचे वृत्तान्त निघाले आणि त्यांनी मृत्यूच्या तारखा जिव्हाळ्याने गोळा केल्या, पण ते बहुतांशी अशा समाजांचे आहेत की ज्यांच्या घरी लिहिण्याची परंपरा आधीपासून होती. या चारही प्रवाहांनी आपापले क्षेत्र समृद्ध केले. मात्र सामान्य घरातील सामान्य माणूस, ज्याला संख्या नको, घराणे नाही, आणि दावाही लढवायचा नाही, ज्याला आपल्या आजीच्या मरणाचा दिवस तेवढा निश्चित करायचा आहे, त्याच्यासाठी मार्गदर्शक असा ग्रंथ मराठीत असणे अगत्याचे होते.

हे काम आजच का निकडीचे आहे? मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर व्यवहारातून गेली आणि ती सहजगत्या वाचणारी पिढी जवळजवळ संपत आली आहे. गाव नमुना १४ मधील नोंदींकडे २०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष लागले. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने ज्या कागदांची छाननी केली त्यांत या मृत्यूवह्याही आहेत. जातीचा पुरावा म्हणून हवी असलेली ओळ सापडली की वही मिटली जाते. पण त्याच ओळीत एका माणसाच्या शेवटाची वार्ता आहे हेही ध्यानी राहिले पाहिजे. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून नोंदणी कायद्याची दुरुस्ती अमलात येऊन पुढच्या नोंदी संगणकीय भांडारात जाऊ लागल्या. पुढच्यांची सोय झाली, ही समाधानाचीच गोष्ट. परंतु मागच्या वह्या रुमालात बांधलेल्या, वाळवी आणि पावसाच्या स्वाधीन आहेत, आणि जे संगणकात नाही ते अस्तित्वातच नाही असे मानण्याची सवय कचेऱ्यांना लवकर लागते. तिसरे कारण अधिक दूरगामी आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्या सहज वाचणारी वडीलधारी माणसे कमी होत चालली आहेत. अलीकडील मुलाला पलीकडचा दाखला वाचता येत नाही आणि पलीकडच्याला अलीकडचा. करोनाच्या साथीत सरहद्दीवरील नाकी बंद झाली तेव्हा एकाच घरातील माणसे दोन राज्यांत वारली, आणि त्यांची कागदपत्रे जुळविताना या दुराव्याची जाणीव घरोघर झाली.

सीमाप्रश्नाविषयी या ग्रंथाने पक्ष घेतलेला नाही, आणि ते योग्यच आहे. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, दर वर्षी १७ जानेवारीस १९५६ च्या गोळीबारातील हुतात्म्यांना होणारे अभिवादन या गोष्टी या मुलखाच्या मनात खोल रुतलेल्या आहेत, आणि त्यांचे स्थान कोणी नाकारू नये. परंतु हुतात्म्यांची नावे समाज जपतो. ज्यांच्या मृत्यूला कोणताही सार्वजनिक अर्थ नव्हता, जे तापाने, बाळंतपणात, म्हातारपणाने गेले, ज्यांना आपण कोणत्या राज्यात मरत आहोत याची चिंता करण्याचेही कारण नव्हते, त्यांची नावे जपण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही. त्यांत मराठी बोलणारे होते, कन्नड बोलणारे होते, दोन्ही बोलणारे तर असंख्य होते, आणि एकाच वहीच्या एकाच पानावर ते शेजारी शेजारी नोंदले गेले आहेत.

प्रस्तुत ग्रंथ ही जबाबदारी घेऊ पाहतो. गाव, तारीख आणि अंमल या तीन गोष्टी निश्चित करून योग्य दफ्तरापर्यंत कसे पोहोचावे, तेथे काय मागावे, मिळालेली नोंद कशी वाचावी आणि तिच्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे त्यात सांगितले आहे. लेखकांनी कोणतीही एक नोंद प्रमाण मानलेली नाही. सरकारी वही, निधनवार्ता, वारसनोंद, तीर्थोपाध्यायाची वही आणि घरची तिथी या साक्षी एकमेकींसमोर उभ्या करून त्यांतून निर्णय काढावा असा त्यांचा आग्रह आहे, आणि जेथे निर्णय निघत नाही तेथे तसे स्पष्ट म्हणण्याचे धैर्यही त्यांनी दाखविले आहे. हयात कुटुंबांच्या खासगी गोष्टी, विशेषतः जात, आजार आणि आत्मघात यांविषयीचे उल्लेख, प्रसिद्ध करण्यापूर्वी त्या घरांची संमती घ्यावी हा त्यांचा दंडक मला फार मोलाचा वाटतो. नोंद सार्वजनिक असली तरी दुःख सार्वजनिक नसते.

वाचकांना माझे सांगणे एवढेच की, हा ग्रंथ कपाटात ठेवण्यासाठी नाही. प्रत्येकाने आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आधी विचारावे: कोण कोठे वारले, कोणत्या तिथीला, खबर कोणी दिली असेल. मग तालुक्याच्या कचेरीत रीतसर अर्ज करून नक्कल मागावी, आणि मिळालेली नक्कल सरहद्दीपलीकडच्या आपल्या भाऊबंदांना व शेजाऱ्यांना वाचून दाखवावी, त्यांच्या लिपीतली त्यांच्याकडून वाचून घ्यावी. तालुक्यातालुक्यात मोडी, कन्नड आणि उर्दू वाचणाऱ्यांनी एकत्र बसून एकेका गावाची वही उतरून काढली, तर वाळवीच्या आधी आपण पोहोचू. या मुलखातील माणसांची मोजणी आजवर अनेक राजवटींनी आपापल्या गरजेपुरती केली. त्यांना त्यांच्या नावाने ओळखण्याचे काम त्यांच्या वंशजांचे आहे, आणि ते करण्याची साधने या ग्रंथाने त्यांच्या हाती दिली आहेत.